उंदीर नसलेलं पोस्टर

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिकट्या,

अक्षर ओळखून पाकीट फेकणार असशील तर आधी चार ओळी वाच, मग खुशाल फेक. पत्ता मला बाइंडरकाकांनी दिला. शाळेत असताना त्यांच्याच दुकानात तू खळ शिजवायला शिकलास आणि घरभर बोटं चिकटवत फिरायचास. ते पत्ता द्यायला तयार नव्हते. मी तासभर दुकानात ठाण मांडून बसले, तेव्हा कंटाळून दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. ते तुझा फोन नंबरही देत होते, तो मीच घेतला नाही. फोनवर तू गप्प बसतोस, मी बोलत सुटते आणि शेवटी मीच बरोबर ठरते. आपलं लहानपणापासून असंच चालत आलंय.

अकरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा तू आलास आणि फाटकाबाहेरच उभा राहिलास, त्यानंतर आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. मी तेव्हा तुला आत बोलावलं नाही. ते राहू दे आता.

माझं बरं चाललंय. तीच खोली, खिडकीजवळचं तेच टेबल, तोच दिवा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय, म्हणून भिंग डाव्या डोळ्याला लावते आणि त्यात मान वाकडी होते. शेजारीण म्हणते, तुम्ही दिवसेंदिवस पोपटासारख्या बघायला लागलात. कामही तेच. घरात कुणी गेलं की मागे राहिलेल्यांना जुन्या कागदांची, चित्रांची किंमत जाणून घ्यायची असते. त्यांनी जे जिवापाड जपलेलं असतं त्याला बहुतेक वेळा काही मोल नसतं, आणि ते तोंडावर सांगायचं काम माझ्याकडे.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. गेल्या शुक्रवारी एक म्हाताऱ्या बाई चादरीत गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन आल्या. चादर सोडली तर आत आपला पाणघोडा. हो, तोच. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या कार्टून फिल्मचं पोस्टर, डोक्यावर चहाची किटली घेऊन दोरीवरून चालणारा लठ्ठ पाणघोडा. दचकू नकोस, नक्कल आहे. तुझ्या संग्रहालयानं एके काळी अस्सल पोस्टरवरून त्याच मापाच्या नकला छापून विकल्या होत्या, त्यातली एक. भिंग न लावताही कळत होतं.

गंमत म्हणजे या नकलेत उंदीर नाही. खाली डाव्या कोपऱ्यात दोरीचं टोक दातांत धरून बसलेला उंदीर असतो ना, त्याच्यावर फ्रेमच्या आतला पुठ्ठा मुद्दाम रुंद ठेवून आणलाय. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे उंदीर कधी नव्हताच. आमची मुलगी लहानपणी विचारायची, मग दोरी धरलीय कुणी?" मला हसू आलं. तुला सांगावंसं वाटलं, एवढंच.

सवड झाली तर दोन ओळी लिही.

ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

चिकट्या,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तीन शब्द, "ती बाई कोण?" तुझ्यापासून काही लपवता येत नाही हे मी विसरून गेले होते.

ती तुझ्या मास्तरांची बायको. कागदाची दुरुस्ती तू ज्यांच्या हाताखाली शिकलास, ज्यांच्या जागेवर संग्रहालयात लागलास आणि जे नेमके तुझ्या खटल्याच्या वर्षभर आधी गेले, त्या मास्तरांची.

पत्राला कारण नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. कसं लिहावं ते सुचत नव्हतं म्हणून हसण्यावारी नेलं. आता नीट सांगते.

त्या दिवशी बाईंना विचारून मी त्यांच्यासमोरच फ्रेम पालथी घातली. मागचा कागद कापला, बारके खिळे काढले, पुठ्ठा उचलला. आतल्या नकलेचा डावा कोपरा कापून घेतलेला होता. कात्रीनं सरळ कापलेला नव्हे. पातळ पात्यानं, उंदराच्या पाठीवरून, शेपटीवरून आणि पुढे दोरीच्या कडेनं, चित्रातल्या रेघेला धरून. टाकून द्यायचा तुकडा असा कुणी कापत नाही, हे तुला मी सांगायला नको.

मी बाईंना विचारलं, हे कुणी केलं? त्या अगदी सहज म्हणाल्या, "यांनीच. तिकडच्या खऱ्या पोस्टरचा कोपरा कसरीनं खाल्ला होता. यांनी विकायच्या चित्रांतलं एक घरी आणलं आणि त्यातला उंदीर काढून तिकडे बसवला. उरलेलं फेकवेना, म्हणून मुलीसाठी फ्रेम करून घेतली."

"मग संग्रहालयाच्या नोंदवहीत का नाही लिहिलं?"

"ते कधीच लिहायचे नाहीत. म्हणायचे, लिहून ठेवलं की लोक जोड शोधायला लागतात."

त्या गेल्यावर मी तुझी फाइल काढली. माझ्या अहवालाला त्या कोपऱ्याचा मूळ मापाचा फोटो जोडलेला आहे. पातळ कागदावर त्या फोटोतला उंदीर गिरवून घेतला आणि नकलेतल्या भोकावर ठेवला. पाठ, शेपटी, दोरी, सगळं बसलं. शंकेला जागाच नाही.

म्हणजे चौदा वर्षांपूर्वी तू जे ओरडून सांगत होतास ते शब्दन् शब्द खरं होतं. पोस्टर अस्सल होतं. फक्त कोपरा नकलेचा होता आणि तो तुझ्या आधीचा होता. मी मात्र लिहून दिलं की अख्खा कागदच नक्कल आहे. तीन आठवडे ते सफाईसाठी तुझ्या टेबलावर होतं, त्यामुळे अस्सल पोस्टर तूच बदलून विकलंस असं ठरलं. जे कुठे गेलंच नव्हतं ते तू कुणाला विकलंस, हे विचारून पोलिसांनी तुझे काय हाल केले असतील ते मी कधी विचारलं नाही.

चूक कशी झाली ते सांगते. फ्रेमला पोलिसांचं सील होतं. आतला कागद फुगला होता आणि फक्त तो डावा कोपरा काचेला टेकलेला होता. भिंगाला कागद जवळ लागतो, त्यामुळे मला नीट दिसला तो तेवढाच. तिथे छपाईचे ठिपके होते. दगडावरच्या जुन्या छपाईत रंग सपाट बसतो, ठिपके नसतात. ठिपके दिसले की नक्कल, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोन पोलिसांच्या मध्ये उभा होतास आणि म्हणालास, "ताई, काच काढून बघ." सील तोडायला कोर्टाची परवानगी लागली असती, आठ दिवस गेले असते. मी म्हटलं, गरज नाही. काचेतून जे दिसलं ते लिहिलं.

आई तुला भेटली नाही, त्याचं कारणही माझी सहीच. तू सुटून आलास, दारात उभा राहिलास, ती आतून म्हणाली, "पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." कडी काढायला मी उठले होते, तिनं मला खाली बसवलं. ती तशीच गेली. तिला आता कसं सांगायचं, मला माहीत नाही.

मी चुकले, चिकट्या. कोर्टाला आणि संग्रहालयाला तसं लेखी कळवते आहे. मास्तरांच्या बायकोनं नक्कल माझ्याकडे ठेवून घ्यायला परवानगी दिलीय. तू मला काहीही बोल, मी ऐकून घेईन.

ताई


२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय चिकट्या,

चार पानं. दोन्ही बाजूंनी. मी दारातच उभी राहून वाचली, मग आत येऊन बसून वाचली.

तुला मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची, आणि मी आत्या असल्याचं मला आज कळतंय. तू लिहितोस की तिला पाटीवरसुद्धा खाडाखोड चालत नाही, म्हणून तिला घरात "साहेब" म्हणता. तुझी बायको लाँड्रीत कामाला आहे, तू खोक्यांच्या कारखान्यात. खोकी जोडायला तुझे हात. मी ती ओळ वाचली आणि पत्र थोडा वेळ पालथं ठेवलं.

दोन्ही अहवाल रजिस्टरनं गेले, पोचपावत्या सोबत पाठवते. संग्रहालयात मी स्वतः जाऊन आले. पोस्टरचं विचारलं. जुने संचालक गेले, भांडारपाल मात्र तोच आहे, तुझी आठवण काढत होता. त्यानं जे सांगितलं ते तुला सांगायलाच हवं. निकालानंतर नक्कल म्हणून त्यांनी ते पोस्टर मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीजवळ टांगलं. ओल लागली, बुरशी धरली. सात वर्षांपूर्वी मोडक्या कपाटांबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेलं. जगात तेवढं एकच अस्सल उरलं होतं. भांडारपाल म्हणाला, "नक्कलच होती ना बाई, कोण जपणार?" मी मान हलवली आणि जिना उतरले.

तू लिहितोस, "चूक कुणाचीही होते, ताई. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. मला वाटायचं तू मुद्दाम केलंस, म्हणून एवढी वर्षं झोप लागत नव्हती. आता लागते." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

एक तारखेच्या रविवारी ये म्हणतोस. येईन. साहेबांना काय आणू?

ताई


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चिकट्या,

रविवारी मी यायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. वाच आणि मग ठरव मला दार उघडायचं की नाही.

सोबत एक जुना कागद आहे. माझ्या टिपणवहीतलं पान, तारीख बघ, त्याच दिवसाची आहे. पेन्सिलीनं लिहिलंय ते माझं अक्षर: "उंदराच्या पाठीलगत केसाएवढी रेघ. जोड? काच काढून पाहणे."

मला दिसलं होतं.

ठिपके दिसले त्याच्या पुढच्याच मिनिटाला रेघ दिसली. अशी रेघ म्हणजे बाहेरचा तुकडा बसवलाय, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते टिपून घेतलं, आणि तेवढ्यात संचालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सख्ख्या भावाचं प्रकरण आहे. तुम्हाला जड जात असेल तर दुसऱ्या कुणाला बोलावू." सहा जण माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मी आठ दिवस मागितले असते तर ते म्हणाले असते, बघा, भावाला वाचवतेय. मी वही मिटली. नंतर तू काच काढ म्हणालास आणि मी गरज नाही म्हटलं. अहवालात रेघेचा उल्लेख नाही. पान फाडून फाइलच्या मागच्या खिशात ठेवलं, जाळून टाकण्याची हिंमत झाली नाही.

संचालकांच्या नावावर खपवायचं तर एवढं पुरलं असतं. पण ते अर्धंच आहे. त्या दिवशी सकाळी निघताना आई मला म्हणाली, "त्याच्या हातांत खोट नाही. तू फक्त जा आणि तसं सांगून ये." तू फक्त जा. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, वीस वर्षं डोळे फोडून हे काम शिकले, लांबलांबची माणसं माझं मत घ्यायला येत. आणि घरात तुझ्या हातांचं कौतुक करायला मला निरोप्या म्हणून पाठवत होते. लहानपणापासून तेच. तू फाटकं पुस्तक चिकटवलंस की ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवायची. मला तुझा हेवा वाटायचा, चिकट्या. त्या दिवशी भिंगावर वाकले तेव्हा मनात होतं, एकदा तरी माझ्या डोळ्यांपुढे याच्या हातांचं काही चालू नये.

तुरुंगापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण निकाल लागेपर्यंत पाच महिने होते, आणि पाचही महिने हे पान माझ्याकडे होतं.

बारा तारखेच्या पत्रात मी "काचेतून जे दिसलं ते लिहिलं" असं लिहिलं आणि तू त्यावर मला माफ केलंस. ती माफी चुकीला होती. मी केलं ते दुसरंच आहे.

ताई


२ मार्च, सोमवार

चिकट्या,

काल सकाळी साडेदहाला तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा शुक्रवारचं पत्र तुला मिळालं असेल असं धरून चालले होते, असं मी सांगू शकते. तू विश्वासही ठेवशील. पण ते तसं नाही.

शुक्रवारी पत्र लिहून पाकीट बंद केलं आणि पर्समध्ये ठेवलं. पेटीत टाकलं ते शनिवारी दुपारी अडीचला. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीतून संध्याकाळी उचललेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाटलं जातं. गेली तीस वर्षं मी त्याच पेटीत पत्रं टाकते. रविवारी टपाल वाटत नाहीत हेही मला माहीत आहे.

दार साहेबांनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं नाक असलेली बाई आलीय." तू आतून आलास. मला वाटलं होतं तुझ्या चेहऱ्यावरून मला कळेल. तू हसत होतास. पत्र आलेलं नव्हतं.

तेव्हाच बोलता आलं असतं. बूट काढायच्या आत सांगता आलं असतं. मी बूट काढले.

तुझे हात बघितले. खोक्यांच्या कडांनी बोटांना चिरा पडल्यात, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. त्या हातांनी तू मला वाढत होतास. तुझी बायको म्हणाली, "लग्न झाल्यापासून यांनी आज पहिल्यांदाच पुन्हा भात मागून घेतला." साहेबांनी वहीत माझं चित्र काढलं, मान वाकडी केलेलं, आणि खाली आत्या लिहिलं. तू आईचा फोटो खाली उतरवलास, काच पुसलीस आणि तिच्यासमोर म्हणालास, "आई, ताई चुकली होती. झालं गेलं." मी तुझ्या शेजारी उभी होते. तू माझा हात धरला होतास. मी तुझं बोलणं अडवलं नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर तू म्हणालास, "तुझ्यावर राग धरून ठेवायला फार कष्ट पडायचे ताई. आता नाही पडणार." बस आली, मी चढले. खिडकीतून हातही केला.

मी असं का केलं, त्याचं उत्तर सोपं आहे. मला तो एक दिवस हवा होता. तू पत्र वाचल्यावर तो मिळणार नाही हे कळत होतं, म्हणून आधी घेतला. चौदा वर्षांपूर्वी वही मिटली तेव्हाही मला सगळं कळत होतं. माझ्या हातून नकळत काही होत नाही, हे आता तुलाही माहीत असू दे.

आज सकाळी कोर्ट उघडताच मी तिथे जाऊन टिपणाच्या पानाची प्रत आणि माझा जबाब दिला. आधीच्या अहवालात मी चूक म्हटलं होतं, या जबाबात जाणूनबुजून म्हटलंय. कारकुनानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला याचे परिणाम माहीत आहेत ना?" मी हो म्हटलं. तुझ्या नावावरचा डाग आता पूर्णपणे धुतला जाईल, याला वेळ लागेल पण होईल. दारावरची माझ्या नावाची पाटी येताना काढून आणली. मास्तरांच्या बायकोला कळवायचं बाकी आहे.

तुमच्याकडे पोस्टमन अकराला येतो, असं काल तुझी बायको बोलता बोलता म्हणाली. आता सव्वाबारा वाजलेत. म्हणजे तू पाकीट फोडलं असशील, ते पान तुझ्या हातात असेल, आणि कालचा दिवस तू पुन्हा पहिल्यापासून आठवत असशील. भात वाढताना, फोटो पुसताना, थांब्यावर बोलताना मी कशी बघत होते, ते.

उत्तर लिहू नकोस. माफी पुन्हा मागायला मी येणार नाही. ती एकदा खोटं बोलून घेतली आणि तिच्यावर एक अख्खा दिवस जगले.

साहेब विचारतील, आत्या परत कधी येणार. तिला आत्या चुकली असं सांगू नकोस. आत्याला दिसलं होतं, असं सांग.

ताई